गाडी ठरवण्याचे दिवस

दिवाळी सरते. फराळाचे डबे तळाला जातात, पणत्या पुसून फळीवर चढतात आणि एका सकाळी हवा एकदम कोरडी होते. ओठ तडकतात. तंबाखूच्या रानावरून आलेला वारा निपाणीच्या गल्ल्यांतून फिरताना आपला कडवट वास अंगणात टाकून जातो. त्या सकाळी माझा उजवा हात अजूनही टाक आणि दौत शोधतो. आता मला कुणाला काही लिहायचं नसतं. सत्तरी गाठलेल्या बाईच्या पत्राची कोण वाट बघणार? तरी बोटांना ती सवय राहिली आहे, आणि बोटांच्या मागोमाग ते दिवस येतात.

आमच्या घरी तो गाडी ठरवण्याचा हंगाम असे.

तंबाखू तेव्हा रानात उभी असायची. ती माघात कापायची, रानातच वाळवायची, फाल्गुनात वखारीला पोचवायची. मग बैल आणि माणसं दोन्ही जरा मोकळी व्हायची. पण फाल्गुनात मोकळं होणाऱ्यानं फाल्गुनातच गाडी शोधली तर ती मिळत नसे. चांगली बैलजोडी, घाटाची सवय असलेला गाडीवान, वाटेवरच्या आमराया, गोड्या पाण्याच्या विहिरी, सगळं दिवाळीपासूनच कुणाकुणाच्या नावावर लागलेलं असायचं. कुणी यात्रेला निघायचे, कुणी लेकीच्या गावाला, कुणी नुसतेच आठ-पंधरा दिवस गाडीत संसार मांडून नद्या-डोंगर बघत हिंडायला. आमचे आप्पा या शेवटच्या जातीतले. म्हणजे मनानं. पायानं ते फारसे कुठं गेले नव्हते.

आप्पा म्हणजे माझे वडील. बारीक अंगाचा, कमी बोलणारा माणूस. पण कुणी खानापूर-जांबोटीकडून आलाय असं कळलं की त्याला ओसरीवर बसवून ताक पाजायचे आणि विहिरी विचारायचे. "पानी गोडं हाय का? पायऱ्या हाईत, का रहाटानं काढाय लागतंय? बैलं बांधाय सावली?" तो बिचारा आठवून आठवून सांगायचा. आम्ही जैन. पाणी गाळून प्यायचं, आणि गाळण्यात अडकलेले बारीक जीव ज्या विहिरीचे त्याच विहिरीत परत सोडायचे. जेवण सूर्य मावळायच्या आत उरकायचं. त्यामुळं मिळेल तिथं गाडी सोडली असं आमचं चालणारं नव्हतं. ऊन असताना पोचायला हवं, विहीर जवळ हवी, चुलीला आडोसा हवा. आप्पांनी ओसरीच्या भिंतीवर कोळशानं सगळी वाट काढून ठेवली होती. निपाणी, संकेश्वर, यमकनमर्डी, बेळगाव, जांबोटी आणि सगळ्यांत शेवटी कणकुंबी. आई भिंत सारवताना तेवढा भाग सोडून सारवायची.

कणकुंबी आईची होती. तिचं माहेर खानापूरच्या बाजूला, मलप्रभेच्या काठी. त्या नदीत ती पोहायला शिकली, त्या नदीवर तिनं धुणी धुतली. लहानपणी तिच्या वडिलांनी तिला सांगितलं होतं, की ही एवढी थोरली नदी वर जंगलात कणकुंबीला एका दगडी कुंडातून निघते. वाकून ओंजळीनं उचलावी एवढीशीच असते तिथं. आईला ते कधी खरं वाटलं नव्हतं. लग्न होऊन आल्यावर पहिल्याच वर्षी तिनं हे आप्पांना सांगितलं, आणि आप्पा म्हणाले, "दावतो की." हे "दावतो की" माझ्या जन्माआधीपासून आमच्या घरात राहत होतं.

एका वर्षी वाळत घातलेल्या पाल्यावर अवकाळी पाऊस पडला. एका वर्षी ठरवलेल्या जोडीतल्या बैलाचा खांदा सुजला. एका वर्षी आजी गेली. अशी मला आठवतात ती वर्षं. आधीची किती, कुणास ठाऊक. दर वर्षी दिवाळी झाली की आप्पा मला ओसरीवर बोलवायचे आणि जोडकार्डं लिहायला बसवायचे. जोडकार्ड म्हणजे एकमेकांना चिकटलेली दोन पोस्टकार्डं. एकावर आपण मजकूर लिहायचा, दुसऱ्यावर आपलाच पत्ता घालून ते समोरच्याला उत्तरासाठी पाठवायचं. मी पाचवीपर्यंत शिकलेली, घरात माझंच अक्षर वळणदार. "न. वि. वि. येत्या फाल्गुनात कुटुंबासह कणकुंबीस जाण्याचा बेत आहे. आपले आमराईत एक रात्र गाडी सोडण्यास परवानगी असावी. विहिरीचे पाणी मिळेल काय, कृपया कळवावे." उत्तरं यायची, "जरूर यावे." आणि दर वर्षी माघाच्या शेवटाला दुसरी कार्डं जायची, "यंदा येणे होत नाही. क्षमा असावी."

मला त्याचं वाईट वाटत नसे. मला वाटायचं, जाणं म्हणजे हेच. भिंतीवरचा कोळसा, ताक पिणारी माणसं, कार्डांवरचा पोस्टाचा शिक्का. आपण दर वर्षी जातोच की.

मी चौदा वर्षांची झाले त्या श्रावणात आई एका संध्याकाळी कंदिलाकडे बघत म्हणाली, "पदमे, ह्याच्याभवती रंगीत कडं दिसतंय गं. इंद्रधनुष्यावाणी." मी बघितलं. कंदिलाला कसलंच कडं नव्हतं. मी हसले. तीही हसली. पुढच्या महिनाभरात तिनं दोनदा उंबऱ्याला ठेच खाल्ली आणि एकदा उतू जाणारं दूध तिला दिसलं नाही. मग आप्पा आम्हा दोघींना घेऊन मिरजेला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेले. डॉक्टरांनी बराच वेळ तपासलं. आईला आत बसवून ते आप्पांशी बाहेरच्या बाकाजवळ बोलले. मी तिथंच होते.

"काचबिंदू आहे," ते म्हणाले.

"मोतीबिंदूगत काढता येतोय न्हवं?"

"नाही. गेलेली नजर परत येत नाही. एक डोळा गेल्यातच जमा आहे. दुसरा वर्षभर धरा. थेंब देतो, पण वर्षाच्या वर मी सांगणार नाही."

आप्पा आत आले आणि आईला म्हणाले, "थेंब दिल्यात. हळूहळू बरं पडंल." आई "बरं" म्हणाली. परतताना मोटारीत ती खिडकीला चिकटून बसली होती. उसाचे फड, पाट, वेशीवरची माणसं, म्हशी, सगळं ती बघत होती; एकदाही तिनं मान वळवली नाही. तिला कुणी काही सांगितलं नव्हतं.

त्या वर्षी आप्पांनी दिवाळीचीही वाट बघितली नाही. नवरात्र सुरू होतं तेव्हाच ते नारळ आणि विडा घेऊन सत्याप्पाकडे निघाले, मला बरोबर घेऊन. सत्याप्पा शेजारच्या खेड्यातला गाडीवान, पन्नाशीचा, एका पायानं किंचित लंगडणारा. त्याच्या खिलारी जोडीला जांबोटीचा रस्ता पाठ होता, म्हणून त्याला फार मागणी.

"मालक, फागुनाला अजून पाच म्हैनं हाईत," तो म्हणाला. "आत्ताच नारळ?"

"तवर तू मोकळा ऱ्हाशील का?"

"न्हाय ऱ्हायाचा. पर दर वर्साला तुमी ठरवतासा आनि येत न्हाईसा. औंदा तरी नक्की का?"

आप्पांनी नारळ पुढं केला. मग म्हणाले, "औंदा न्हाय झालं तर परत कवाच न्हाय."

सत्याप्पानं नारळ घेतला, कपाळाला लावला. का ते विचारलं नाही.

माघ सरताना सत्याप्पाची गाडी आमच्या परसात आली आणि सुतार आला. गाडीच्या साट्याखाली, म्हणजे बसायच्या चौकटीखाली, भांड्यांसाठी पेटी ठोकली. मागं एक फळी बसवली. खाली सोडली की तिचा ओटा व्हायचा. वर बांबूची कमान आणि तिच्यावर चटईसारखा विणलेला तट्ट्या, ऊन लागू नये म्हणून. आणि त्या तट्ट्याला डाव्या बाजूनं आप्पांनी एक चौकोनी खिडकी कापून घेतली. गल्लीतली माणसं बघायला यायची. "गाडीला खिडकी! मग मोटारच करा की," असं हसायची. माझा थोरला भाऊ अण्णा, तोही म्हणाला, "सर्व्हिस मोटारीनं बेळगाव गाठा, म्होरलं म्होरं बघता येईल. कशाला सा दिवस धक्के खायाचे?"

आप्पा म्हणाले, "मोटार पोचवतीया. मला तिला पोचवायचं न्हाय, दावायचं हाय."

आई शिदोरीच्या तयारीला लागली. कडक भाकऱ्या, शेंगांची चटणी, डाळी, गूळ, सांडगे. प्रत्येक पुरचुंडीला ती वेगळ्या गाठी मारत होती. डाळीला एक, गुळाला दोन, मिठाला तीन. मला वाटलं, गाडीच्या पोटातल्या अंधारात चटकन सापडावं म्हणून.

फाल्गुनात आम्ही खरंच निघालो. मला ते दुपारपर्यंत खरं वाटलं नाही. तवंदीच्या घाटाआधी स्तवनिधीला दर्शन घेतलं, घाट चढताना आम्ही सगळे उतरून चाललो, फक्त आई गाडीत. ती खिडकीशी बसली होती, तोंडावर ऊन, डोक्यावरचा पदर वाऱ्यानं मागं सरकलेला. आप्पा खिडकीच्या बरोबरीनं चालत होते. अधूनमधून हात वर करून दाखवायचे.

"ते बघितलंस का? घारी किती उडायल्यात!"

"बघितल्या की."

"आनि ती बाभळ? सगळी सुगरणीची घरटी."

"व्हय, लई हाईत."

त्यांचा आवाज मी तसा कधी ऐकला नव्हता. पोरासारखा झाला होता.

दुसऱ्या मुक्कामाला, यमकनमर्डीच्या आमराईत, ऊन कलायच्या आत आम्ही गाडी सोडली. आप्पा आणि सत्याप्पा बैल घेऊन पाण्याला गेले. आई चुलीकडे यायला निघाली आणि बैल बांधायच्या दोरात पाय अडकून पडली. दोर जाडजूड होता, उन्हात पांढरा दिसत होता. मी धावले. "पाय मुडपला गं," ती म्हणाली. मग तिनं मला पाणी दिलं. तांब्यातून पेल्यात ओतताना तिनं पेल्याच्या आत एक बोट धरलं होतं. पाणी बोटाच्या पहिल्या पेराला लागलं तशी ती थांबली.

घरात मी तिला रोज बघत होते. घरातलं प्रत्येक भांडं, प्रत्येक पायरी तिच्या हातापायांना ठाऊक होती, म्हणून घरानं तिला झाकून ठेवलं होतं. इथं रोज नवी जागा होती. आप्पांनी तिला बघायला बाहेर आणलं आणि बाहेर आल्यावरच ते उघडं पडलं.

"आई, तुला किती दिसतंय?"

तिनं तांब्या खाली ठेवला. मग माझं मनगट धरलं. "उजेड दिसतोय. उनात मानूस हललं तर सावली दिसतीया. तेवढंच."

"कवापासनं?"

"सक्रांतीपासनं."

"आप्पांना सांगू या. परत जाऊ या की मग."

"न्हाय." तिची पकड घट्ट झाली. "माझी शपथ हाय, पदमे. वीस वरसं झाली, त्ये मला न्यायलेत. त्यास्नी पोचू दे."

तेवढ्यात आप्पा आले, ओल्या हातांनी, हसत. विहिरीला पायऱ्या होत्या, कार्डात लिहिलं होतं तशा. त्यांना त्याचाच केवढा आनंद!

तिथून पुढं मी गाडीत आईच्या शेजारी बसू लागले. आप्पा काही दाखवायला लागले की मी तिचा हात दाबायची. डावीकडे असलं तर एकदा, उजवीकडे असलं तर दोनदा. ती तिकडे तोंड फिरवायची आणि म्हणायची, "या बया, केवढं हाय!" आम्ही दोघी यात इतक्या तरबेज झालो की मला स्वतःचीच भीती वाटायला लागली. बेळगावात खासबागेत एका ओळखीच्या विणकराच्या अंगणात मुक्काम होता. दिवसभर मागांची खटखट. त्या अंगणात आई सैल झाली. एका जागी बसून नुसती ऐकत राहिली, कुणी तिला काही दाखवत नव्हतं. जांबोटीनंतर झाडी दाटली. बांबूची बेटं दोन्ही बाजूंनी गाडीवर ओणवली आणि सूर्य पानांच्या आड गेला. त्या सावलीत आईला उजेडही दिसेना. ती माझ्या अंगाला टेकून बसली होती, आणि खिडकी तिच्या समोर उघडी होती.

आता त्याच रस्त्यानं मोटारी गोव्याकडे जातात. मध्ये भाच्यानं मला नेलं होतं. दोन-अडीच तासांत कणकुंबी मागं पडली. तो म्हणाला, "आत्या, उतरायचं का?" मी नको म्हटलं. मला उतरून काय दिसलं असतं? मी तिथं आधीच जाऊन आले होते, आणि मला जे बघायचं नव्हतं तेही बघून आले होते.

सहाव्या दिवशी सकाळी आम्ही कुंडापाशी पोचलो. मी नेहमीसारखी आईकडे जायला निघाले, पण आप्पांनी मला मागं राहायला सांगितलं. त्यांनी वहाणा काढल्या आणि आईचा हात स्वतःच्या हातात धरला. चार माणसांदेखत त्यांनी तिचा हात धरलेला मी त्याआधी पाहिला नव्हता. ते तिला एकेक पायरी सांगत कडेपर्यंत घेऊन गेले. मी दहा पावलांवर उभी होते. माझा हात रिकामा होता.

"बघ," आप्पा म्हणाले. "हीच तुझी मलप्रभा."

आई वाकली. खूप वेळ वाकून राहिली.

"एवढीशीच व्हय!" ती म्हणाली. "माझा बा खोटं सांगत नव्हता मग." आणि नंतर, मी तिथं असते तर तिला थांबवलं असतं, ती म्हणाली, "पानी बघा की कसं निळंशार हाय! आभाळावाणी."

कुंडातलं पाणी हिरवं होतं. पानगळीचा पाला त्यात पडून काळा झाला होता, कडांना शेवाळ धरलं होतं, आणि वर झाडी इतकी दाट होती की आभाळ नव्हतंच.

आप्पांनी वळून तिच्याकडे बघितलं. ती हसत होती, आणि कुंडाच्या थोडं पलीकडे बघत होती, जिथं काही नव्हतं. मला वाटलं, हा माणूस आता खाली बसेल. ते बसले नाहीत.

"व्हय," ते म्हणाले. "निळंच हाय."

मग त्यांनी तिचा हात हळूच खाली नेऊन पाण्याला लावला. आईनं बोटं पाण्यात तशीच राहू दिली. "गार हाय," ती म्हणाली, आणि हे मात्र ती खरं बोलली. थोड्या वेळानं तिनं हात काढून डोळ्यांना लावला, तोंडावर फिरवला. "साकु," म्हणाली. मन भरून आलं की आई माहेरच्या कानडीत बोलायची. साकु म्हणजे पुरे.

परतीच्या वाटेवर आप्पा एकदम बोलके झाले. आता ते आईला काही दाखवत नव्हते. बैलांपुढं चालत सत्याप्पाशी मोठमोठ्यानं बोलायचे. "डाव्या हाताला बांबूचं बेट हाय, सत्याप्पा. त्यात एक वाळलेला बांबू आडवा झालाय. आनि ह्या उजव्या झाडावर चोचीवर चोच असलेलं मोठं पाखरू बसलंय. पंख काळं, पोट पांढरं."

"मला दिसतंय की, मालक," सत्याप्पा गोंधळून म्हणाला.

"दिसतंय तर गप ऱ्हा."

सत्याप्पानं एकदा मागं वळून खिडकीकडे बघितलं, मग परत पुढं. त्यानंतर तोही विचारायला लागला, "आनि म्होरं त्ये काय दिसतंय वो, मालक?" आणि आप्पा सांगायचे. आई गाडीत कान देऊन ऐकायची आणि माझ्या कानाशी येऊन म्हणायची, "तुझे आप्पा लई बोलाय लागल्यात गं. जंगलाची हवा मानवली त्यास्नी." तिला वाटत होतं, तिनं आप्पांना पोचवलं. आप्पांना वाटत होतं, आपल्याला कळलंय हे तिला कळू द्यायचं नाही. आणि मी दोघांच्या मधे बसले होते, शपथ घातलेली. दोघांनाही एक एक वाक्य सांगायचं होतं, तेवढंच. मी सांगितलं नाही. ते बरोबर केलं की चूक, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. कधी वाटतं, सांगितलं असतं तर पुढचे काही महिने तरी ती दोघं एकमेकांजवळ बसून उघडपणे रडली असती. कधी वाटतं, त्या महिन्यांत त्यांनी एकमेकांना जेवढं जपलं तेवढं कुणी जपत नाही.

घरी आल्यावर सगळं होतं तसं झालं. आई घरभर न चाचपडता फिरायची. गल्लीत कुणाला कळलं नाही. पाण्याला मी जायला लागले, एवढाच बदल. आप्पा मात्र नव्या सवयी करून घेत होते. वहाणा रोज एकाच जागी काढायचे. तांब्या वापरला की जिथून उचलला तिथंच ठेवायचे. अंगणात पाय ठेवण्याआधी खाकरायचे.

पुन्हा दिवाळी झाली. पुन्हा त्यांनी मला ओसरीवर बोलवलं. यंदा कणकुंबीपासून मलप्रभेच्या काठाकाठानं खाली, थेट आईच्या माहेरापर्यंत जायचा बेत होता. चार मुक्काम, चार जोडकार्डं. त्यांनी आधी मागच्या दाराकडे बघितलं; आई परसात होती. मग हळू आवाजात मजकूर सांगायला लागले. नेहमीचं झालं, आमराई, विहीर, सावली. मग म्हणाले, "लिही. नदीचा आवाज मुक्कामापर्यंत ऐकू येतो काय? फाल्गुनात तेथे कोणते फूल असते, त्याचा वास येतो काय? पाण्यापर्यंत हात धरून नेण्याजोगी वाट आहे काय?"

माझा टाक थांबला. "आप्पा, असलं कोन इचारतंय?"

"मी इचारतोय. लिही."

मी लिहिलं. त्यांच्याकडे बघायचं धाडस झालं नाही.

मार्गशीर्षात आप्पांना ताप भरला. तिसऱ्या दिवशी सकाळी ते गेले. आई त्यांच्या कपाळावर हात ठेवून बसली होती, आणि ते गेल्याचं तिला आमच्या सगळ्यांच्या आधी कळलं. सत्याप्पा आला, ओसरीखाली मातीत बसला आणि दुपारपर्यंत उठला नाही. त्यानं फाल्गुनासाठी आप्पांचा नारळ घेतलेला होता.

चार कार्डांपैकी एकाचं उत्तर ते असताना आलं होतं, दोन ओळींचं. बाकीची तीन नंतर आली. पत्त्यावर आप्पांचं नाव, अक्षर माझं. पहिलं मी लपवलं. दुसरंही. तिसऱ्या वेळी पोस्टमननं हाक मारली तेव्हा आई ओसरीवरच होती.

"कुनाचं गं?"

मी सांगितलं, खानापूरच्या बाजूच्या एका शेतकऱ्याचं.

"वाच."

मी वाचलं. "नमस्कार वि. वि. आपले कार्ड पावले. गाडी सोडण्यास जागा विचारणारे पुष्कळ येतात, असे विचारणारे आपण पहिलेच. म्हणून मुद्दाम झोपडीत बसून ऐकले. नदीचा आवाज येतो. पहाटे जास्त येतो. फाल्गुनात काठाने करवंदी फुलते, वास दूरवर येतो. पाण्यापर्यंत उतार सोपा आहे, हात धरून नेता येईल. जरूर यावे."

आईनं हात पुढं करून कार्ड चाचपलं.

"आवाजाचं कशापायी लिवलंय त्यानं?"

"आप्पांनी इचारलं हुतं."

"आनि हात धरून न्यायाचं?"

"त्येबी आप्पांनीच."

तिनं खांबाला टेकलेली पाठ सरळ केली. "म्हंजे त्यास्नी ठावं हुतं."

"व्हय."

"कवापासनं?"

आता शपथ कुणासाठी पाळायची होती? "कुंडापासनं," मी म्हणाले. "पानी हिरवं हुतं, आई. पाला पडून काळं झालतं."

ती आधी हसली. खरंच हसली, तोंडाला पदर लावून. "आनि त्ये म्हनाले, निळंच हाय." मग ते हसणं तिला आवरेना आणि त्याचं रडं झालं. आप्पा गेल्यापासून ती पहिल्यांदाच रडत होती. मी लपवलेली दोन कार्डं आणली. एकात लिहिलं होतं, नदी तिथं संथ आहे, आवाज नाही, पण पलीकडच्या देवळातली घंटा ऐकू येते. दुसऱ्यात, वाट अवघड आहे, पण आम्ही दोघे भाऊ आहोत, खुर्चीत बसवून नेऊ. तिनं तिन्ही मला पुन्हा वाचायला लावली. मग पुन्हा.

"त्यास्नी उत्तर धाडाय पायजे," ती म्हणाली.

"काय लिहू?"

"त्ये गेलं म्हनून लिही. येनं हुनार न्हाय म्हनून लिही." ती थांबली. "आनि लिही, तुमी कळवलासा, लई बरं झालं. आमास्नी ठावं नव्हतं."

मी तीन कार्डांवर तेवढंच लिहिलं. टाकायला मी निघाले तशी आई उठली. मी येते म्हणाली. सुतक संपलं होतं, पण तिनं उंबरा ओलांडला नव्हता. आम्ही गल्लीतून निघालो. एका हातानं तिनं माझा दंड धरला होता, आणि दुसरा हात तिनं पुढं धरला होता, पसरलेला, वाटेतली हवा चाचपत. दारादारांतल्या बाया बोलायच्या थांबल्या. कुणी तरी "अगं बाई" म्हणालं. आईनं हात खाली घेतला नाही. पोस्टाच्या पेटीपाशी आल्यावर तिनं कार्डं माझ्याकडून मागून घेतली, पेटीचं तोंड बोटांनी शोधलं, आणि एक एक करून तिन्ही आत सोडली.